बंध पाठ करू नका, तोडून बघा

मी सदाशिव पेठेत अकरावी-बारावीच्या मुलांना घरी जीवशास्त्र शिकवते. मराठी माध्यमातून दहावी करून आलेली मुलं माझ्याकडे जास्त. सहसंयुज (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला), आयनिक (विरुद्ध प्रभारांच्या ओढीचा), हायड्रोजन (हायड्रोजनमार्फत होणाऱ्या दुबळ्या ओढीचा) बंध यांच्या व्याख्या सगळ्यांना घडाघड येतात. पण ‘उकळत्या पाण्यात डीएनएचे दोन धागे सुटे होतात, मग तोच धागा मधेच का तुटत नाही?’ असं विचारलं, की बहुतेकांची गाडी अडते. म्हणून मी शिकवण्याचा क्रमच बदलला. वहीत बंधाचं नाव लिहिलं, की शेजारी एकच प्रश्न लिहायचा: हा कशाने तुटतो?

आधी तीन आकडे लक्षात ठेवा. कार्बन-कार्बन एकेरी सहसंयुज बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली, प्रचंड संख्या) साधारण ३५० किलोज्यूल लागतात. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला साधारण २०. आणि ३७ अंशांना रेणूंच्या नुसत्या हालचालीत असलेली उष्णता सुमारे २.५. म्हणजे हायड्रोजन बंध शरीराच्या तापमानाला सतत तुटत-जुळत असतात, तर सहसंयुज बंधाला ही उष्णता कुठेच पुरत नाही. पेशीचं बरंचसं कामकाज या फरकावर चालतं.

आता केसांचा प्रयोग. गळालेला एक लांब केस घ्या, पाण्यात चांगला भिजवा, पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि पूर्ण वाळू द्या. सोडवलात की केस कुरळा झालेला दिसेल. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्यातल्या साखळ्या एकमेकींना असंख्य हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरतं, त्यातले काही बंध सुटतात आणि साखळ्या त्याऐवजी पाण्याच्या रेणूंना धरतात. केस वाळताना पाणी निघून जातं आणि साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, पण आता वाकलेल्या अवस्थेत. हाच प्रयोग एप्रिलमध्ये करा आणि जुलैमध्ये करा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बाक बराच वेळ टिकतो. पावसाळ्यात हवेतली वाफच तो मोडते. केराटिनमध्ये गंधक-गंधक असे सहसंयुज बंधही असतात. नुसत्या पाण्याने ते हलत नाहीत, म्हणून कायमचे कुरळे करायचे असतील तर पार्लरमध्ये रसायन लावावं लागतं. एकाच केसात दोन्ही प्रकारचे बंध असतात, म्हणून मी सुरुवात नेहमी इथूनच करते.

सहसंयुज बंधाची ताकद बघायची तर डाळीचा कुकर आठवा. आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. डाळीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, कारण त्या हायड्रोजन बंधांनी आणि इतर दुबळ्या आकर्षणांनी टिकलेल्या असतात. पण अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध बहुतेक सगळे शाबूत राहतात. तेच वरण पोटात गेलं, की ३७ अंशांना पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन ही पचनाची एन्झाइम हे बंध तोडायला लागतात. एन्झाइम बंध कमजोर करत नाही, तो तुटण्याची वाट सोपी करतं. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आयनिक बंधापाशी मुलं हमखास गोंधळतात. मिठाचा कोरडा स्फटिक ८०१ अंशांना वितळतो, पण पाण्यात चमचाभर मीठ बघता बघता विरघळतं. पाण्याचे रेणू सोडियम आणि क्लोराइडच्या भोवती गोळा होऊन त्यांना वेगळं धरतात. पेशीत सगळीकडे पाणीच, त्यामुळे तिथे आयनिक आकर्षण स्फटिकातल्याइतकं बलवान राहत नाही. पुस्तकातला ‘आयनिक बंध मजबूत’ हा शेरा कोरड्या स्फटिकापुरता धरा.

हे सगळं एका ग्लासात बघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत मंडईतून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणा. स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे डीएनए भरपूर मिळतो. दोन-तीन फळं पिशवीत घालून चांगली कुस्करा. अर्धी वाटी पाणी, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि अर्धा चमचा मीठ मिसळा, फेस होऊ न देता हळूच हलवा. पातळ सुती कापडातून गाळा. मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फ्रीझरमध्ये गार करून तेवढंच, ग्लासच्या कडेने, अगदी सावकाश ओता. हे पेट घेतं, तेव्हा गॅसच्या ओट्यापासून लांब बसा. काही मिनिटांत दोन थरांच्या मधे पांढरट, शेंबडासारखे तंतू वर येतात. काडीने गुंडाळून घ्या.

आता प्रश्न विचारा. साबणाने काय सुटलं? पेशीचं पटल. मेदाचे रेणू तिथे सहसंयुज बंधांनी एकमेकांना जोडलेले नसतात, पाण्यापासून दूर राहायला ते एकत्र येतात, म्हणून साबण त्यांना सहज पांगवतो. मिठाने काय केलं? डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. सोडियम आयन तो झाकतात, मग अल्कोहोलमध्ये तंतू एकत्र येऊन बाहेर पडतात. आणि तुटलं काय नाही? साखर-फॉस्फेटची साखळी, कारण ती सहसंयुज. दोन धाग्यांमधल्या जोड्या मात्र हायड्रोजन बंधांच्या, ए, टी, जी, सी या डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी ए-टीमध्ये दोन, जी-सीमध्ये तीन. म्हणून उकळल्यावर धागे सुटे होतात आणि साखळी शाबूत राहते. पेशीलाही विभाजनाआधी हे धागे दर वेळी उघडावे लागतात. जोड्या सहसंयुज असत्या तर नक्कल काढणं फार अवघड झालं असतं.

पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूबद्दल एक गोष्ट नक्की दुरुस्त करून घ्या. ‘एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असं सर्रास लिहिलं जातं. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. एटीपीची पाण्याशी विक्रिया होऊन एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला तोच रेणू) आणि फॉस्फेट तयार होतात, तेव्हा नवे बंध जुळतात, फॉस्फेटांच्या ऋण प्रभारांची आपसातली ढकलाढकल कमी होते, आणि सगळा हिशेब मिळून प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल हाती लागतात. परीक्षेत उत्तर लिहिताना ‘बंध तुटून’ ऐवजी ‘पाण्याशी विक्रिया होऊन’ असं लिहा आणि खाली समीकरण काढा.