लॅनवर प्रिंटर मधूनच सापडत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी सीआरसी बघा

कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कुठल्याबी फौंड्रीच्या ऑफिसात ही तक्रार असतेच, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायची कमांड) कधी लागतंय, कधी 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', आणि मग कोणतरी थेट विंडोज टाकायला बसतो. थांबा जरा.

लॅनवर पॅकेट पोचवायला समोरच्याचा मॅक अॅड्रेस (लॅन कार्डाचा स्वतःचा नंबर) लागतो आणि आयपीवरून तो विचारायचं काम १९८२ पासून एआरपी हा प्रोटोकॉल करतंय. "हा आयपी कुणाचा?" अशी हाळी सगळ्यांना जाते, ज्याचा आहे तो उत्तर देतो. मेसेज अवघा २८ बाइटचा, आणि त्याला स्वतःचा चेकसम (डेटा बिघडला का बघायचा आकडा) नाहीच! तपासणी होते ती इथरनेट फ्रेमच्या (मेसेज ज्या पाकिटात घालून केबलवर जातो त्याच्या) शेवटच्या ४ बाइटवर, म्हणजे सीआरसी या तपासणीच्या आकड्यावर. वाटेत एक बिट जरी फिरला तरी हिशोब जुळत नाही आणि स्विच किंवा लॅन कार्ड ती फ्रेम गपचूप टाकून देतं. पाठवणाऱ्याला कोण काय कळवत नाही, तो वाट बघतो, परत विचारतो (लिनक्स डिफॉल्टला सेकंदा-सेकंदानं ३ वेळा) आणि मग नाद सोडतो. वायरशार्कमध्येपण (लॅनवरचा ट्रॅफिक दाखवणारं सॉफ्टवेअर) सहसा ही फ्रेम दिसत नाही, कारण कार्डानं ती आधीच फेकलेली असते.

म्हणून अशा बिघडलेल्या फ्रेम मोजणारा एरर काउंटर बघायचा. विंडोजला 'नेटस्टॅट -ई', लिनक्सला 'ईथटूल -एस' (एस कॅपिटल) आणि पुढं इंटरफेसचं नाव, आणि मॅनेज्ड स्विच (ज्याच्यात लॉगिन करून आकडे बघता येतात तो) असेल तर त्या पोर्टचे सीआरसी एरर. दोन्हीकडं बघा, कारण एरर मोजतो तो घेणारा, पाठवणारा नाही. आकडा लिहून ठेवा, थोडा वेळ पिंग चालू ठेवा, परत बघा. वाढतोय? मग पॅच कॉर्ड बदला, केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर नवीन क्रिम्प करा, आणि केबल मोटरच्या किंवा फर्नेसच्या पॉवर लाईनला चिकटून गेली असेल तर ती लांब घ्याच. एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) फिक्स केलेलं असलं तरी फुलवाल्या बाजूला सीआरसी वाढतात, हे लय जण बघतच नाहीत.

काउंटर शून्य आणि तरी प्रॉब्लेम असेल तर 'एआरपी -ए' मारून आलेला मॅक प्रिंटरच्या स्टिकरवरच्या मॅकशी ताडून बघा. वेगळा दिसला तर केबलला हात लावू नका, बहुतेक तोच आयपी दुसऱ्या कुठल्यातरी डिव्हाइसला दिलेला असणार. तो शोधून बदला, मग अॅडमिन म्हणून 'एआरपी -डी' करून जुनी एंट्री उडवा.