मायक्रोवेव्हमधलं पीनट बटर फज, दोघांपुरतं

दोन माणसांच्या घरात फजचा, म्हणजे ह्या मऊ गोड वडीचा, भलामोठा ट्रे लावू नये, असं माझं ठाम मत आहे. फज ताजं असतानाच खावं. म्हणून मी १६ लहान वड्यांचंच प्रमाण धरते आणि काट्यावर तोलून घेते: बटर ६० ग्रॅम, पीनट बटर ७० ग्रॅम, पिठीसाखर ११५ ग्रॅम, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा. एवढ्याशा ऐवजात वाटीचा अंदाज चालत नाही. किलोभर करताना चमचाभर साखर जास्त पडली तर कळतही नाही, इथे तेवढ्यानेच वडी कोरडी पडून भुगा होतो.

बटर साधं खारवलेलं घ्या. मिठामुळे शेंगदाण्याची चव वर येते, नुसत्या गोडात ती दबते. वेलची मात्र घालू नका. ती आली की शेंगदाणा मागे पडतो.

आता साखर, कारण सगळा खेळ तिचाच आहे. फज म्हणजे जिभेला लागणार नाहीत इतके बारीक साखरेचे कण, आणि त्यांना धरून ठेवणारा स्निग्धांश. हा अमेरिकेतला पदार्थ. १८८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वासर कॉलेजात एमेलिन हार्ट्रिज नावाच्या विद्यार्थिनीने ३० पौंड फज केल्याची नोंद आहे. त्या पद्धतीत साखर, दूध, लोणी उकळून पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे आपल्या गोळीबंदपर्यंत नेतात, तो निवू देतात आणि मग घोटतात. घोटल्यामुळेच कण बारीक राहतात. ६०-७० ग्रॅमच्या हिशेबात हे मायक्रोवेव्हमध्ये करायला जाऊ नये. कडा आधी उकळते, मधला भाग मागे राहतो, आणि दार उघडून तपासेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा कण आधीच बारीक करून घ्यावेत आणि मायक्रोवेव्हला फक्त वितळवायचं काम द्यावं.

पिठीसाखर चिमटीत घेऊन चोळून बघा. कणी लागली तर ती फजमध्येही लागणार. घरची साखर कोरड्या भांड्यात दळा, मिक्सर गरम झाला की थांबा, आणि शेवटी मैद्याच्या चाळणीतून चाळा. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं. त्याने वडी छान गुळगुळीत येते, पण उपवासाला ती चालणार नाही. ज्यांना उपवासासाठी करायचं आहे त्यांनी घरी दळलेली साखर घ्यावी आणि व्हॅनिला वगळावा.

माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे शेंगदाण्याच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. पीनट बटर घरीच करते. १५० ग्रॅम दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे टाकून द्या. एक खवट दाणा सगळी चव घालवतो. काचेच्या पसरट ताटलीत एकाच थरात पसरून पूर्ण पॉवरवर २ मिनिटं, मग हलवून एकेक मिनिट, साधारण ४ ते ५ मिनिटांत भाजले जातात. गरम असताना ते मऊच वाटतात, कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. म्हणून दाणा फोडून आतला रंग बघा: हलका बदामी झाला की पुरे. निवल्यावर सालं पाखडून मिक्सरला लावा. आधी कूट होतं, मग भांड्याच्या कडेला ढेकूळ चिकटतं. इथे पुष्कळ जण घाबरून पाणी घालतात. थेंबसुद्धा घालू नका. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. कडा खरवडून, थांबत थांबत फिरवत राहिलात की ते सुटतं आणि लगदा आपोआप सैल होतो. ह्यातलं ७० ग्रॅम फजला, उरलेलं पोळीला. घरचं वापरताना बटर ५० ग्रॅमच घ्या, कारण त्याचं तेल मोकळं असतं. विकतचं, साखर घातलेलं असेल तर पिठीसाखर १० ग्रॅमने कमी करा.

काचेच्या वाडग्यात बटरचे तुकडे आणि पीनट बटर घालून निम्म्या पॉवरवर १ मिनिट ठेवा. बाहेर काढून ढवळा, परत ३० सेकंद. बटर वितळायला हवं, बुडबुडे यायला नकोत. जास्त तापलं की तूप वर तरंगतं आणि खाली दाणेदार चोथा राहतो. तसं झालंच तर लहान चमचाभर कोमट दूध घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा सावरतं.

व्हॅनिला घाला. साखर दोनदा करून चाळणीतूनच वाडग्यात पाडा आणि लाकडी चमच्याने घोटा. मिश्रण वाडग्याची कड सोडून एकत्र आलं की थांबा, अजून घोटलं तर तेल सोडतं. १२ सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घालून त्यावर मिश्रण ओता आणि वाटीच्या बुडाला तूप लावून वडीसारखं थापा. दीड सेंटिमीटर जाडी येते. फ्रीजमध्ये २ तास. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग चालवा.

पुण्याच्या एप्रिलमध्ये ह्या वड्या बाहेर टिकत नाहीत, बटर पाघळतं. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर चव तशीच राहते. खायच्या आधी ५ मिनिटं बाहेर काढून ठेवा. आणि कोणाच्या घरी नेणार असाल तर डब्यावर 'शेंगदाणे आहेत' असं ठळक लिहा. काही मुलांना त्यांची तीव्र अॅलर्जी असते, आणि नुसत्या वडीकडे बघून ते कोणाला कळणार नाही.