कुरणातली झुडपं, रुंद पानाचं तण आणि निवडक तणनाशक: विदर्भात नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी

बीएससी अ‍ॅग्री झालं किंवा कृषी डिप्लोमा झाला, एखाद्या संस्थेत नाहीतर पाणलोटाच्या प्रोजेक्टवर लागलात, आणि पहिल्याच पावसाळ्यात साहेब म्हणतात अमुक गावचं चराईचं रान साफ करून द्या, तिथं नुसता तरोटा (टाकळा) अन घाणेरी माजली, ढोरांना खायला काडी नाही. अशा पोरापोरींसाठी हे लिहितेय. मी वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजाच्या पट्ट्यात हे काम करत आलेय. हा गवळाऊ गाईंचा मुलूख, नंद गवळ्यांचे कळप आजही बरडावर चरतात, त्यामुळे गवत हा इथं पोटाचा विषय आहे. कॉलेजात तणनियंत्रण शिकवतात ते सोयाबीन, कापूस, गव्हातलं, कुरणाचं कोणी फारसं शिकवत नाही, आणि मग पोरं वावरातला हिशोब तसाच कुरणावर लावतात अन तिथंच गडबड होते.

सगळ्यात आधी औषधाचं नाव डोक्यातून काढा आणि गवत बघायला जा. निवडक तणनाशक गवत उगवून देत नाही हो, ते फक्त रुंद पानाचं तण मारून गवताला जागा मोकळी करून देते. ती जागा घ्यायला खाली गवतच नसेल तर पुढच्या मृगात तिथं परत तरोटाच येणार, कारण त्याच्या बियांचं कवच टणक असते आणि त्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. तर सरळ रेषेत शंभर पावलं चाला, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते लिहा: गवत, रुंद पानाचं तण, झुडूप, की उघडी माती. तीन-चार ठिकाणी असं करा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की शंभरात तीसच्या वर गवत लागत असेल तर फवारणीचा विचार करायला हरकत नाही, दहाच्या आत असेल तर फवारणीचे पैसे वाया, आधी चराईबंदी आणि बी टाकायचं बघा. मधल्या आकड्याला तिथल्या गायकीला (गुराख्याला) विचारा, कोणत्या कोपऱ्यात मारवेल टिकून आहे, कुठं पवन्या होता (ही दोन्ही चाऱ्याची चांगली गवतं) अन कुठं नुसती कुसळ राहिली हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसते.

दुसरं, जमीन कोणाची ते तलाठ्याकडून कागदावर बघून घ्या. अमरावती विभागात चराईची जमीन बहुतेक ई-क्लास (सरकारी गुरचरण) असते, ग्रामपंचायतीला विचारून ठराव घेऊन काम होते. पण नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) ज्याला गावकरी पिढ्यानपिढ्या चराईचं रान म्हणतात ते रेकॉर्डवर झुडपी जंगल निघू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाला वनजमीनच मानलं आहे. तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय कुऱ्हाडही चालवायची नाही अन पंपही न्यायचा नाही. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेत विषय मांडा, तिथं निर्णय ग्रामसभेचा.

आता औषध. आपल्याकडे कुरणाच्या संदर्भात ज्याचं नाव सगळ्यात जास्त ऐकाल ते २,४-डी. हे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखं वागते, ऑक्सिनसारखं, म्हणजे तणाची वाढ बेताल होते, शेंडा पिळवटतो, देठ वाकतात, खोड फुगून तडकते आणि झाड मरते. गवतवर्गीय झाडं तेच औषध बऱ्यापैकी निकामी करून टाकतात, शिवाय त्यांचा वाढीचा कोंब खाली पानाच्या आवरणात झाकलेला असतो, म्हणून ती तगतात. म्हणून ते निवडक. पण ही निवड गवत आणि रुंद पान एवढीच आहे, तुमच्या कामाचं अन बिनकामाचं असा फरक त्या औषधाला कळत नाही. कुरणात चाऱ्यासाठी मुद्दाम पेरलेला स्टायलो जातो, रानमूग जातो, मोहाची अन बेलाची रोपं जातात. आणि पहिल्या पावसानंतर बाया कोवळ्या तरोट्याची भाजी खुडायला जातात, कुर्डू नेतात, तेही त्याच रानातून! फवारणीच्या आधी गावातल्या बायांशी बोलून भाजीची जागा सोडून द्यायची, तिथं काठीला फडकं बांधून खूण करायची. हे काम पुरुषांच्या मीटिंगमध्ये होत नाही, त्यासाठी हापशीवर किंवा बचत गटाच्या बैठकीतच जावं लागते.

दुकानात मात्र नुसतं "तण जाळायचं औषध द्या" असं कधीच म्हणू नका. ग्लायफोसेट हाती पडलं तर तणासोबत मारवेलही साफ. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केलाय हेही लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या रँचवाल्यांचे व्हिडिओ बघून ट्रायक्लोपायर, पिक्लोराम विचारत येणारी पोरंही मला भेटतात. ती तिकडच्या कुरणातली झुडपांवरची औषधं आहेत, आणि पिक्लोरामसारख्याचा अंश चाऱ्यातून शेणात आणि शेणखतातून टमाट्याच्या, तुरीच्या मुळाशी पोचतो. आपल्याकडे कुरणातलं शेण शेवटी वावरातच जाते, त्यामुळे तिकडचं बघून इकडे मागवू नका. इथं लेबलवर ज्या वापरासाठी मान्यता लिहिली असेल तेवढंच, आणि शंका आली की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात तणशास्त्राचा माणूस शोधून विचारायचं.

आता ज्या गोष्टीने विदर्भात खरी भांडणं होतात ती सांगते. आपली कुरणं मोकळ्या माळावर एकटी नसतात, धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) लागून पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असते, तूर असते, कारंजा-आष्टीकडे संत्र्याच्या बागा असतात. २,४-डी ला पऱ्हाटी इतकी नाजूक आहे की वाऱ्याने गेलेल्या नुसत्या तुषारांनी तिची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटं फुटल्यागत होतात, शिरा ठळक दिसतात, वाढ थांबते, पात्या गळतात. शेतकऱ्याला वाटते व्हायरस आला आणि तो वेगळ्याच औषधावर पैसे घालतो. म्हणून २,४-डी चा इथाइल एस्टर हा प्रकार कुरणाच्या कामात आणूच नये असं माझं ठाम मत आहे. त्याची उन्हात वाफ होते आणि फवारणी संपल्यावरही ती वाफ शेजारच्या वावरात जाते. अमाइन सॉल्ट या दुसऱ्या प्रकाराची वाफ त्यामानाने फार कमी, तरी तुषार तर उडतातच. सकाळी हलका वारा असताना, पिकाच्या उलट दिशेला वारा जात असेल तेव्हाच पंप पाठीवर घ्यायचा. पूर्ण पडलेला वारा पण चांगला नाही, सांजेच्या किंवा पहाटेच्या दडपलेल्या हवेत बारीक तुषार तरंगत राहतात अन कुठंही जातात. पिकाच्या बाजूला रुंद पट्टा फवारणीविना सोडा आणि तिथलं तण हातानं उपटा.

आणि पंप! तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, रंगाने मोठं "तण" लिहा त्याच्यावर. कापसावर मावा-तुडतुड्याची फवारणी करायला तोच पंप गेला तर टाकीच्या रबरात, नळीत राहिलेलं २,४-डी पऱ्हाटीला पुरते. साध्या पाण्याने एकदा खळबळून ते निघत नाही. गावात पंप भाड्याने मिळतो, आधी त्यात काय होतं हे सांगणारा कोणी नसतो, म्हणून प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पहिल्या दिवशीच दोन नवे पंप टाका. साहेब कुरकुर करतील, करू द्या.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, किडीच्या फवारणीचं हॉलो कोन नको, त्याचे तुषार बारीक असतात अन उडतात. मग मोजमाप. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा, साधं पाणी भरून नेहमीच्या चालीने फवारा, किती लिटर लागलं बघा. समजा ४ लिटर लागलं तर एकराला साधारण १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे १० पंप. आता समजा तज्ज्ञाची शिफारस हेक्टरी अर्धा किलो सक्रिय घटकाची आहे आणि तुमच्याकडे ५८ टक्क्यांचं अमाइन सॉल्ट आहे, त्यात लिटरमागे ५८० ग्रॅम घटक, तर हेक्टरी साधारण ८६० मिली, एकरी ३४५ मिली, पंपाला ३४-३५ मिली. हा हिशोब पद्धत कळावी म्हणून दिला, मात्रा लेबलची आणि तज्ज्ञाचीच घ्यायची. पण ज्याला हा हिशोब करता येत नाही त्याने झाकणाने औषध मोजत फिरू नये, झाकण भरून टाकणाऱ्यांनी गावोगावी एकतर गवत करपवलंय नाहीतर तण नुसतं आजारी पाडून सोडलंय.

वेळ म्हणाल तर तण कोवळं असताना, तीन-चार पानांवर, जमिनीत ओल असताना, म्हणजे साधारण जुलै. पुढचे पाच-सहा तास पाऊस नको. गाजरगवत गोलाकार पानांच्या अवस्थेत, मधून दांडा निघायच्या आधी. एकदा ते फुललं की एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि मग फवारून फक्त समाधान मिळते. हातानं उपटायचं तर हातमोजे घालूनच, त्वचेला अन दम्याला ते फार वाईट. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेही सोडतात, १९८० च्या दशकात ते भारतात आणले गेले, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्यावर बरंच काम केलंय. पावसाळ्यात पानं चाळणी झालेली दिसली तर तिथं फवारू नका, भुंग्यांना खाऊ द्या. सप्टेंबर उजाडला आणि तरोट्याला शेंगा धरायला लागल्या की औषधाचा नाद सोडून विळा घ्या.

झुडपांचं गणित वेगळंच आहे. घाणेरीवर (काही जण रायमुनिया म्हणतात) पानावर फवारलं की पानं गळतात, लोक खूष होतात, आणि पुढच्या पावसात बुडातून दुप्पट फुटवे. जाळली तरी तेच. तिच्यासाठी मला पटलेली पद्धत म्हणजे दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली: जमिनीच्या खाली तीन-चार बोटं मुख्य मूळ टिकासने तोडायचं, कारण फुटवे त्याच्या वरच्या भागातूनच येतात, आणि झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे परत मूळ धरत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांच्या सावलीत फिरून रोपं उपटावी लागतात, कारण पक्षी फळं खाऊन फांदीवर बसतात आणि बी तिथंच पडते. वेडी बाभूळही अशीच, वीतभर खोल खणून बूड काढलं तरच गेली. जिथं खणणं शक्यच नाही, दगडात, तिथं बुंधा जमिनीलगत कापून लगेच, म्हणजे काही मिनिटांच्या आत, सालीच्या आतल्या कडेच्या ओल्या रिंगणाला ब्रशने औषध लावतात. उशीर झाला की कापलेला भाग सुकतो आणि औषध आत जात नाही. अर्थात कोणतं औषध, तेही विचारूनच, नुसत्या २,४-डी ने जुनं जाड बूड बहुतेक वेळा मरत नाही.

फवारणाऱ्या माणसाबद्दल बोलताना मला घाई करायची नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ती मुख्यतः कीटकनाशकं होती हे खरं, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर फवारायची सवय तीच आहे. २,४-डी अमाइन डोळ्यात गेलं तर डोळ्याला गंभीर इजा होते. गॉगल, रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट दिल्याशिवाय मजुराला पंप द्यायचाच नाही. "उकडते मॅडम" म्हणतील, तर सकाळी नऊ-दहाला काम बंद करा पण किट काढू देऊ नका. नाला, विहीर, ढोरांचं टाकं यांच्यापासून लांब. कपडे वेगळे धुवायचे, औषधाचे रिकामे डबे तीनदा विसळून त्यांना भोकं पाडायची, नाहीतर त्यात कोणीतरी तेल भरते.

ढोरांचंही तसंच. लेबलवर दिलेले दिवस रान बंद, आणि गायकीला कारण नीट सांगा: एरवी जी विषारी झाडं गाय तोंडात घेत नाही तीच २,४-डी ने मलूल झाल्यावर तिला गोड लागू शकतात. घाणेरी खाल्लेल्या गाईला कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. कोवळा गोखरू, केसात काटे अडकतात तो, तर अगदी दोन पानांवर असताना सगळ्यात विषारी.

करिअर म्हणून या कामात उतरायचं असेल तर औषधांच्या आधी गवतं ओळखायला शिका. फुलोऱ्यावरून कोणीही ओळखेल, पण जुलैतल्या कोवळ्या पानावरून मारवेल, पवन्या, शेडा ओळखता आला तरच फवारावं की नाही हे वेळेत ठरवता येते. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड या पुनर्वसित गावांच्या जागी झालेली कुरणं परवानगी काढून बघून या, तिथं तण फुलायच्या आधी हातानं उपटून काढायचं काम वर्षानुवर्षं कसं होते ते बघा, म्हणजे औषधाशिवाय किती होऊ शकते याचा अंदाज येईल. आणि फवारलेल्या जागी त्या पावसाळ्यात चराईबंदी पाळली नाही तर बाकी सगळं फुकट, म्हणून गावाशी बोलताना आधी ढोरं कुठं नेणार हे ठरवा, मग औषधाची तारीख. दिवाळीच्या आसपास मारवेल-पवन्याचं बी पिकते, तेव्हा बायांना रोजी देऊन ते गोळा करा, सुकवून पोत्यात ठेवा आणि जिथं शंभर पावलांत उघडी माती जास्त लागली होती तिथं पुढच्या मृगाच्या तोंडावर शेणमातीच्या गोळ्या करून टाका. खुणेचा दगड ठेवून दर ऑक्टोबरला त्याच जागेवरून फोटो घ्या आणि त्याच रेषेत परत शंभर पावलं चालून वहीत लिहा. पुढच्या वर्षी ग्रामसभेत पैसे मागायला उभे राहाल तेव्हा ती वही सोबत न्या.