बेळगावात नवीन आलात? मग स्वेटर विणायच्या आधी हे वाचा

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या गल्लीत कुणीतरी नवीन बाई मला गाठतेच. नवऱ्याची बदली झालेली असते, नाहीतर लेकीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. हातात मोबाईल, मोबाईलवर बर्फात उभ्या असलेल्या गोऱ्या मुलीचा फोटो आणि प्रश्न ठरलेला, "काकू, हा स्वेटर मला जमेल का?" विणायला जमेल हो. घालणार कुठे, ते मात्र कुणी विचारत नाही.

मी मूळची सोलापूरची. 1994 साली लग्न होऊन टिळकवाडीत आले तेव्हा माझ्या पेटीत सहा चादरी होत्या आणि स्वेटर एकही नव्हता. विणायला इथेच शिकले, सासूबाईंकडून. तेव्हापासून पाहतेय, नवीन आलेल्या बायका आळीपाळीनं माझ्याच चुका करतात. त्यात पुण्याहून आलेल्यांना वाटतं थंडी त्यांना आधीच कळलेली आहे, आणि मुंबईच्या बायका वीस अंशांना जाड जाकीट चढवतात. आम्हा सोलापूरकरांना निदान आपल्याला काही कळत नाही हे तरी कळतं.

इथली थंडी आधी समजून घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे 12-14 अंश, एखाद्या दिवशी त्याहून खाली, आणि त्याच दिवशी दुपारी 28-29. सकाळी सातला अंगात घातलेला स्वेटर साडेदहाला नकोसा होतो. दुसरी थंडी पावसाळ्यातली. आकड्यानं ती थंडी नव्हेच, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत झड लागते, वारा सुटतो, भिंती ओल धरतात आणि सोलापूरकडच्या माणसाला जुलैत कुडकुडायला होतं. दक्षिणेला खानापूर किंवा नैऋत्येला जांबोटी, कणकुंबीकडे राहणार असाल तर ही ओल दुप्पट धरा. अथणी-गोकाककडे बदली असेल तर बिनबाह्यांचा एक अर्धा स्वेटर पुरे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

म्हणून विणायचा नमुना हातात आला की मी पहिल्यांदा बघते, हा काढायला किती सोपा आहे. उबदार किती, ते नंतर. गळ्यातून घालायचा स्वेटर बँकेत, शाळेत, रिक्षात काढून बघा. अंबाडा सुटतो, चष्मा अडकतो, पदराची पिन धागा ओढते. पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर इथे सगळ्यात जास्त वापरला जातो. लहान मुलांनाही तोच बरा. फक्त आजोबांचं वेगळं, त्यांना बटणं लावायचा कंटाळा असतो आणि ते दिवसभर स्वेटर काढतही नाहीत.

जाता जाता एक गंमत. कार्डिगन (हाच पुढून उघडणारा स्वेटर), रॅग्लन बाही (ती कशी असते ते खाली सांगतेच) आणि बालाक्लावा, म्हणजे आपली माकडटोपी, ही तिन्ही नावं 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धाशी जोडलेली आहेत. पहिले दोघे इंग्रज सेनानी, तिसरं गाव. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या आपल्या गावात तरी माकडटोपीला कुणी हसू नये.

आता फोटो. फोटोतल्या मुलीनं हात डोक्यामागे घेतले असतील तर काखेत गोळा होणारं कापड लपवलेलं असतं. हाताची घडी घातली असेल तर पुढची बटणं ताणली जात असणार. पाठ एकाही फोटोत दिसत नसेल तर गळ्याची गडबड आहे. पुढचा आणि मागचा गळा एकाच उंचीवर ठेवलेला नमुना विणायला सोपा म्हणून खपतो, घातल्यावर पुढून फास बसतो. माझा स्वभाव संशयी आहे म्हणा, पण मापांची आकृती न दिलेला नमुना मी हातात धरत नाही.

आकृती असेल तर दोन आकडे शोधा, अंगाची छाती आणि तयार स्वेटरची छाती. 34 छातीच्या मुलीनं 44 चा स्वेटर घातलेला असतो आणि त्या दहा इंचांनाच स्टाइल म्हणतात. ते दहा इंच रेनकोटात कोंबून बघा एकदा. आपल्याला दोन-तीन इंच जास्त पुरतात, पण टेप ब्लाउज आणि पदरावरून धरायची.

पदर स्वेटरच्या आत राहणार की बाहेर, हे टाके घालायच्या आधी ठरवा. आत राहणार असेल तर डाव्या खांद्यावर पदराच्या घड्यांचा थर येतो. खांद्याला नेमकी बसवलेली बाही तिथे अडते, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी उतरणारी रॅग्लन बाही सामावून घेते. खांदे उतरलेले, ढगळ नमुने साडीवर घालूच नका, सगळं कापड काखेत येऊन बसतं. लांबीचं तसंच. खालची घट्ट पट्टी बरोबर निऱ्यांच्या खोचणीवर आली की बाई चौथ्या महिन्यातली दिसते. माझं तर भाजीवालीनं अभिनंदन केलं होतं. पट्टी खोचणीच्या वर दोन बोटं थांबवा, नाहीतर सरळ चार बोटं खाली उतरवा आणि सैल ठेवा. पंजाबी ड्रेसवर यातलं काहीच लागत नाही.

आता माझी महागात पडलेली चूक. ही मी प्रत्येकीला सांगते, दोनदा सांगते.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. नणंदेनं अमेरिकेहून विणकामाची एक पुस्तिका पाठवली. यांच्यासाठी वेण्यांच्या विणीचा स्वेटर करायचा ठरवला. पुस्तिकेत लिहिलं होतं, सुई 8 नंबर. मी बाजारात गेले, 8 नंबरच्या सुया मागितल्या, मिळाल्या. झालं! आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीनं चालतात. 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 12 म्हणजे पावणेतीन. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची 8 म्हणजे 5 मिलिमीटर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

नमुन्याला 4 इंचांत 18 टाके हवे होते. माझे पडत होते 22. छातीच्या घेराला 180 टाके, म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबानं 40 इंच आणि माझ्या हातच्या हिशेबानं पावणेतेहतीस. आज हे गणित दोन ओळींत मांडते, तेव्हा कळायला अडीच महिने गेले. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, कडा आत वळलेल्या. शंका यायची, पण "शिवल्यावर बसेल" म्हणून पुढची ओळ. यांची छाती 38. डोकं कसंबसं आत गेलं, हात गेले, आणि स्वेटर बरगड्यांवर थांबला.

इथवर निस्तरता आलं असतं. उसवून लोकर परत वापरता आली असती. पण मी हुशारी केली. ओलं फडकं ठेवून, ताणून, कडक इस्त्री फिरवली. लोकर ॲक्रिलिकची होती. ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्याच जातीचं, त्याला कडक आच लागली की जीव जातो. ताण निघून जातो, धागा लुळा पडतो, पुन्हा उसळी घेत नाही. साडेआठशे ग्रॅम लोकर, तीन महिन्यांच्या शिकवणीच्या फीतून घेतलेली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी त्याची चौघडी केली, देवघरात पाटावर टाकली आणि पुढची अकरा वर्षं त्यावर बसून पोथी वाचली.

तेव्हा स्वेटर सुरू करायच्या आधी चाचणीचा तुकडा विणा. सहा इंच लांब, सहा इंच रुंद. धुवा, वाळवा, मग मधल्या चार इंचांतले टाके मोजा. कडेचे मोजू नका, ते खोटं बोलतात. जास्त टाके आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. आणि सुई नंबरावर घेऊ नका, मिलिमीटर विचारा. तुकडा विणायला एक संध्याकाळ जाते. "काकू, मी अंदाजानं करते" असं म्हणणाऱ्या एकीला मी ते आसन दाखवलं होतं.

परदेशी नमुने वाईट असतात असं नाही, ते त्यांच्या हवेचे असतात. आयर्लंडच्या अरन बेटांची वेण्यांची वीण कापड आत ओढून घेते, लोकर जास्त खाते आणि जाडी वाढवते. शेटलंडच्या फेअर आयल नमुन्यात एका ओळीत दोन रंग चालतात. न लागणारा धागा मागून ओढत न्यायचा, त्यामुळे आत दुसरा थरच तयार होतो. आईसलँडच्या गोल नक्षीच्या स्वेटरचंही खांद्यांपाशी तेच. तिथे ते हवंच. बेळगावात दुपारी बारा वाजता अंगाला घामाच्या धारा. नक्षीची फारच हौस असेल तर बाळाच्या कानटोपीवर भागवा. वेणी हवी तर एकच, पुढच्या पट्टीलगत.

जाळीच्या विणी दिसायला नाजूक. लग्नात शालीऐवजी घ्या, स्कूटरवर नको. खरं तर विणलेल्या कुठल्याही कापडातून वारा आत शिरतो, म्हणून सकाळी मुलांना शाळेत सोडताना वरून विंडचीटर लागतो, आणि त्याच्या आत मावेल असा पातळ स्वेटर हवा. उंच गळ्याचा नमुना हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतो. घंटेसारख्या रुंद बाह्यांचे नमुनेही दिसतात. गॅसपाशी ॲक्रिलिकची रुंद बाही म्हणजे काय होतं ते मी लिहीत नाही. मनगटाला घट्ट पट्टी असावी आणि बाही कोपरापर्यंत सारता यावी. कणीक मळताना, भांडी घासताना त्याचीच गरज पडते, आणि हे एकाही नमुन्यात लिहिलेलं नसतं.

पावसाळ्यात जाड स्वेटर धुतला तर चार दिवस वाळत नाही आणि मग त्याला कुबट वास धरतो. दोरीवर टांगला तर गुडघ्यापर्यंत लोंबतो. पातळ विणा, आडवा पसरून वाळवा.

घोंगडीच्या लोकरीचा स्वेटर करायची कल्पना दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगडी पावसात डोक्यावर घ्यायला आणि रात्री अंथरायला फार चांगली, मानेला मात्र ती लावून घेऊ नका.

लोकर सगळी एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहा. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग कधीच जुळत नाही. बटणंही आधी घ्या, मग काजांची घरं सोडा.

आणि दुकानात थोडं कन्नड बोला. पाट्यांवरून, सीमेवरून इथे काय काय चालतं ते तुम्हाला आपसूक कळेल, लोकर घेताना ते काढू नका. "दप्प ब्याड्री, तेळु कोड्री", म्हणजे जाड नको, पातळ द्या. "एष्ट्री?" म्हणजे केवढ्याला. तुम्ही एवढं धडपडत बोललात की दुकानदार शुद्ध मराठीत भाव सांगतो. तरीही पुढच्या वेळी कन्नडातच विचारा, चांगली लोकर आतल्या कपाटातून निघते.