सॅटर्न पाचचे पिवळे पडलेले पांढरे तुकडे: शेवटी काय लागू पडलं

लेगो आयडियाज मालिकेतला सॅटर्न पाच या चांद्र रॉकेटचा संच (क्रमांक 21309, सन 2017, तुकडे 1969) खिडकीत ठेवलेला. उन्हाकडची बाजू पिवळी, मागची पांढरीशुभ्र. साबणाने फक्त धूळ गेली, खाण्याच्या सोड्याने घासल्यावर चकाकी गेली, ब्लीचने काहीच झालं नाही. आठवडा वाया.

पिवळेपणा मळाचा नसतो. अतिनील किरणांनी प्लास्टिकच बदलतं. म्हणून असं करा.

सगळं सुटं करा. पारदर्शक, छपाईचे आणि स्टिकरचे तुकडे बाजूला. उरलेले कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, तुकडे वाकतात. मेडिकलमधून 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड (म्हणजेच 20 व्हॉल्यूम तीव्रतेचं) आणा, हातमोजे घाला. काचेच्या बरणीत तुकडे बुडवा. झाकण नुसतं टेकवा, घट्ट लावलंत तर वायूने बरणी फुटेल.

खरी गोम पुढे आहे. तुकड्यांच्या पोकळीत बुडबुडे साठतात, मग तुकडे वर तरंगतात आणि उघड्या भागावर पट्टे उठतात. वर प्लास्टिकची जाळी दाबून ठेवा, दर तासाला बरणी हलवा. रोज चार-पाच तास ऊन, असे दोन-तीन दिवस. मग स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा.

बेळगावात हे काम मृगाच्या आत उरका, नंतर ऊन कुठलं! आणि रॉकेट परत खिडकीत नको, पिवळेपणा पुन्हा येतो.