पहिलंच जुनं पुस्तक ईबुक करताय? मग आधी हे वाचा

आमच्याकडे कोणालेही सांगा का विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियासारखंच सगळ्यांनी मिळून चालवलेल्या फुकट वाचनालयात, कॉपीराइट संपलेल्या जुन्या पुस्तकांची ईबुकं करतो, तर पुढचं वाक्य ठरलेलं असते, "मंग ग्रामगीता करा न भाऊ!" मन बरोबर आहे, हिशोब चुकते. भारतात लेखक ज्या वर्षी वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. ग्रामगीता लिहिणारे तुकडोजी महाराज गेले १९६८ मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०२९ उजाडल्याशिवाय हात लावायचा नाही. पुस्तक पिवळं पडलं, वाळवी लागली, वाचनालयात कोणी विचारत नाही, म्हणून ते मोकळं होत नाही बाप्पा. अनुवाद असला तर अनुवादकाचं सालही बघा, आणि नंतर कोणी जोडलेली प्रस्तावना असली तर तिचा हक्क वेगळाच.

पहिल्यांदा करत असाल तर १९३५ किंवा त्याआधी वारलेला लेखक धरा आणि पुस्तक त्याच्या हयातीत छापलेलं असू द्या. कारण पुस्तकाचा स्कॅन चढतो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडिया-विकिस्रोताच्या फायली ठेवायच्या साइटवर, आणि तिथं भारतासोबत अमेरिकेचाही कायदा पाहतात, नंतरच्या लेखकांचं तिथं घोंगडं भिजत पडू शकते. लांब कशाला जायचं, विनोदी लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्या जळगाव जामोदले वकिली करायचे, १९३४ मध्ये गेले.

पण थांबा, लगेच पुस्तक शोधत फिरू नका. आधी मराठी विकिस्रोतावर खातं उघडा आणि दुसऱ्यानं चढवलेल्या पुस्तकाची दहा पानं तपासा. एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर असते, मजकूर ओसीआरनं म्हणजे मशीननं वाचलेला, आपण फक्त ताडून पाहायचं. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं का पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा पाहिलं का हिरवं. आपलंच पिवळं आपल्याले हिरवं करता येत नाही, आणि हे चांगलं आहे, कारण स्वतःची चूक स्वतःले दिसतच नाही.

मशीन कुठं फसते ते दोन दिवसात कळते. घ चा ध, भ चा म, ष चा प. "खाना" चं "रवाना" तर ठरलेलं, कारण जुन्या टायपात ख दिसतेच र आणि व सारखा. सगळ्यात बेकार म्हणजे अर्धा र. "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, "दर्या" म्हणजे समुद्र, आणि मशीनले दोन्ही सारखेच, त्यामुळं -णाऱ्या, -ताऱ्या असे शब्द आले का बोट ठेवून पाहायचं.

आता मुख्य गोष्ट, जी मी स्वतः माती खाऊन शिकलो. पुस्तक सुधारायचं नाही! जुन्या पुस्तकात "मी घरीं गेलों, तेथें कांहीं नाहीं" असं असते, ते टिंब १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर गेले, आधी तेच बरोबर होते. मी मोठा शहाणा, एका रात्री बसून चाळीसेक पानांतले टिंब पुसले, वरून जोडाक्षरंही आजच्यासारखी केली. सकाळी एका जुन्या सदस्यानं फक्त एवढंच विचारलं, "स्कॅनमध्ये असं आहे का?" परतवायले आठ दिवस लागले, तेही कापूस वेचायच्या दिवसात. छापणाऱ्याची चूक दिसली तरी जसंच्या तसं ठेवा, फारच खटकलं तर चर्चा पानावर लिहा.

स्वतःचं पुस्तक स्कॅन करायचं झालं तर मोबाईलनंही जमते, फक्त फ्लॅश बंद. सकाळच्या उजेडात ओसरीवर बसा, ऊन थेट पानावर नको, फोन विटांवर ठेवलेल्या फळीवरून खाली पाहील असा टेकवा म्हणजे हात हलत नाही. कोरी पानं, जाहिराती, मुखपृष्ठाच्या मागची किंमत, सगळं घ्या, एकही पान गाळू नका, नाही तर पुढं पानाचे नंबर जुळत नाहीत आणि ते निस्तरायले डोकं फिरते. शिवण उसवलेली असली तर पुस्तक पूर्ण उघडू नका, वाचनालयवाले पुन्हा देणार नाहीत.

लाइटचं सांगायलेच नको. लाइन कधी जाते नेम नाही, म्हणून एक पान झालं का लगेच जतन करा, दहा पानं उघडी ठेवू नका. सुरुवातीले एका पानाले वीस मिनिटं लागतील. मोटरची लाइन रात्रीची असली तर ओलिताच्या वेळी दोन पानं आरामात होतात, रेंज असली तर.

सगळी पानं झाली का ईपब, म्हणजे ईबुकची फाईल, उतरवून साध्या फोनवर उघडून पाहा, कॉम्प्युटरवर नाही. माझ्या पहिल्या पुस्तकात पदं होती, कॉम्प्युटरवर छान दिसत होती, आणि भाच्याच्या छोट्या फोनवर सगळ्या ओळी एकमेकीत घुसून परिच्छेद झालेला. तो म्हणे, "मामा, हे गाणं हाय का नोटीस?" मग पुन्हा बसलो, ओळ न ओळ तोडत.