मूल १८ चं झालं की पोटगी बंद होते का? काय बघायचं, कुठे अर्ज करायचा

पोरगं बारावी देतं, त्याच सुमारास अठरावा वाढदिवस येतो, आणि पुढच्या महिन्यापासून खात्यात पैसे यायचे बंद होतात. फोन केला तर उत्तर ठरलेलं, "आता सज्ञान झाला ना तो, माझी जबाबदारी संपली." आणि नेमकं तेव्हाच सीईटीचा निकाल, कॅप राऊंड, पहिल्या वर्षाची फी, होस्टेलचं डिपॉझिट सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून कळकळीने सांगते, हे सगळं मूल अकरावीत असतानाच बघून ठेवा, कोर्टात तारखावर तारखा पडतात आणि कॉलेज फीसाठी तेवढं थांबत नाही.

पहिलं काम म्हणजे कोर्टाची ऑर्डर बाहेर काढा. हरवली असेल तर केस नंबर घेऊन त्याच कोर्टाच्या नकला विभागात सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज द्या. आता ऑर्डरचं शेवटचं पान वाचा, जिथे "अर्ज मंजूर करण्यात येतो" वगैरे असतं. दोन गोष्टी शोधायच्या. एक, ऑर्डर कुठल्या कायद्याखाली आहे, आणि दोन, पैसे कुणाला आणि कधीपर्यंत द्यायचे. बऱ्याच ऑर्डरमध्ये "अर्जदार क्र. १ यांना ५,००० आणि अर्जदार क्र. २ यांना ३,०००" असं वेगवेगळं लिहिलेलं असतं, क्र. १ आई आणि क्र. २ मूल. मूल १८ चं झालं तर फक्त क्र. २ च्या रकमेचा प्रश्न येतो, आईची पोटगी त्या दिवशी संपत नाही, तरी कितीतरी जण दोन्ही एकदम बंद करून मोकळे होतात. आणि आई-मुलाची मिळून एकच रक्कम असेल तर वडिलांनी आपल्या मनाने कापून चालत नाही, रक्कम बदलून घ्यायला त्यांनी कोर्टात अर्ज करायचा असतो (जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १२७, आता नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६). हे वडिलांसाठीही सांगतेय बरं का, कारण मनाने कापलेली रक्कम थकबाकी म्हणून मानगुटीवर बसते.

थकबाकीचं आत्ताच ऐका. वाढदिवसाआधीचे हप्ते राहिले असतील तर मूल सज्ञान झालं म्हणून ते माफ होत नाहीत, पण सीआरपीसीच्या कलम १२५ (पोटगीचं मुख्य कलम) खालच्या ऑर्डरच्या वसुलीसाठी वॉरंट हवं असेल तर प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "बघू, देतील" म्हणत दोन वर्षं घालवली तर जुने हप्ते या मार्गाने हातातून जातात.

आता कायदा. १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेचं कलम १४४, लोक अजून १२५ च म्हणतात. हा सगळ्या धर्मांना लागू आहे, औरस-अनौरस भेद नाही, आणि धडधाकट मुलासाठी याची मर्यादा १८ वर्षं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम २० मध्येही मूल अज्ञान (म्हणजे १८ च्या आतलं) असेपर्यंतच आई-वडिलांकडून निर्वाह मागता येतो. आई किंवा वडील असं लिहिलंय तिथे, म्हणजे कमावत्या आईवरही जबाबदारी आहेच. पण हे १८ सगळ्यांना सारखं लागू होत नाही, आणि गल्लत होते ती इथेच.

मुलीचं बघा. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल तर त्याच कलम २० च्या पोटकलम ३ प्रमाणे वडिलांची जबाबदारी १८ नंतरही चालू राहते. शिवाय या कायद्यात निर्वाह म्हणजे नुसतं अन्न-वस्त्र नाही, राहणं, शिक्षण, औषधपाणी आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा धरलाय. फक्त दार वेगळं आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात सांगितलं की सज्ञान, धडधाकट मुलीला १२५ खाली मॅजिस्ट्रेटकडून पोटगी मिळणार नाही, तिने १९५६ च्या कायद्याखाली मागावी. म्हणजे जुन्या केसमध्येच मुदत वाढवून मागत बसू नका, कलम २० खाली वेगळा अर्ज करा, जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायालयात. आणि अर्ज मुलीच्या स्वतःच्या नावाने, तिच्या सहीने, कारण ती आता सज्ञान आहे, आईची सही चालणार नाही. (यात आई बिचारी दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून दमलेली असते आणि आता पोरीला स्वतःच्या बापाविरुद्ध सही करायची असते, ते जड जातंच, त्यामुळे तिच्याशी आधी नीट बोला, घाईघाईत कागद पुढे करू नका.) पार्टटाइम काम करून चार-पाच हजार मिळवत असेल तर लपवू नका, तेवढ्यात तिचं भागतं का हे कोर्ट बघतं, पण लपवलेलं बाहेर आलं तर केसच लंगडी पडते.

हा १९५६ चा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं. मुस्लिम मुलांबाबत सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगितलंय की मुलगा सज्ञान होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, जे आधी घडेल ते, आणि मुलगी लग्न होईपर्यंत, वडिलांची जबाबदारी. गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी तिथल्याच वकिलाकडे जावं, इथली कलमं तशीच्या तशी लावू नयेत.

मुलाचं मात्र अवघड आहे आणि मला ते मनापासून खटकतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा १८ वर्षांचा पोरगा कायद्याच्या शब्दांत स्वतःच्या पायावर उभा आहे. पण रस्ता अगदीच बंद नाहीये. २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की मुलगा १८ चा झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा आणि घरखर्चाचा सगळा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही, आणि मुलगा पदवीधर किंवा कमावता होईपर्यंत आईला महिना १५,००० अंतरिम (केस चालू असतानाची) पोटगी दिली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही एका प्रकरणात १८ ऐवजी पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत मुलाचा खर्च द्यायला सांगितला. दिल्लीच्या निकालात नीट बघा, पैसे आईला मिळाले. म्हणून आईची स्वतःची पोटगी चालू असेल तर ती वाढवून मागा आणि कारण स्पष्ट लिहा, की मुलगा अजून शिकतोय, माझ्याकडेच राहतो आणि त्याचा खर्च मीच उचलते. आपल्याकडचं कोर्ट हे मान्य करेलच असं नाही, पण न मागता तर काहीच मिळत नाही.

ज्यांचा परस्पर संमतीने घटस्फोट अजून व्हायचाय त्यांनी तर हे हातातून सोडूच नका. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या अटी) "सज्ञान होईपर्यंत" असं न लिहिता "पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत" असं लिहून घ्या, कॉलेज फी, होस्टेल, मेस, लॅपटॉप, एन्ट्रन्सचे क्लास यातलं कुणी किती टक्के द्यायचं आणि फी पावती दिल्यावर किती दिवसांत, हेसुद्धा लिहा. नुसतं "शिक्षणाचा खर्च वडील करतील" हे वाक्य पुढे भांडणालाच निमंत्रण. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलीला आई-वडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळण्याचा हक्क आहे असं सांगितलं, त्या केसमधली मुलगी आयर्लंडला शिकत होती आणि वडिलांनी दिलेले ४३ लाख तिचेच राहिले. ते पैसे वडिलांनी आपणहून दिले होते, त्यामुळे या निकालाच्या जोरावर परदेशी शिक्षणाचा सगळा खर्च सक्तीने मिळेल असं धरून चालू नका.

अपंग मुलांसाठी तर १८ ही मर्यादाच नाही. शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलाला १२५/१४४ खाली पोटगी मिळते, फक्त विवाहित मुलीचा अपवाद आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) वेळेत करून ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर अजून एक काम, १८ नंतर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. ते असलं की मुलाच्या वतीने सह्या करताना अडत नाही.

अर्जाला जोडायला मुलाचा जन्मदाखला, बोनाफाईड, फीच्या पावत्या, होस्टेल-मेसचा खर्च, बँक पासबुक आणि समोरच्याच्या कमाईचं हाती लागेल ते, म्हणजे पगारपत्रक, गाडी, सातबारा, दुकानाचा फोटोसुद्धा. सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, तुमचंही खरं भरा. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलीय, म्हणून कागद पूर्ण होईपर्यंत थांबू नका, आधी अर्ज दाखल करा आणि राहिलेली पावती नंतर जोडा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, म्हणजे आईलाही आणि १८ च्या पुढच्या मुलीलाही. दिव्यांग मुलांनाही मिळतो. सज्ञान मुलाला सहसा उत्पन्नाची अट असते. जाताना आधार कार्ड आणि जुन्या ऑर्डरची झेरॉक्स घेऊन जा.